आठवड्यातल्या दोन दुपारी

नसरीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होते. मोबाईलवर तिचंच नाव उमटलं, म्हणून तर मी तो उचलला नाही. पोरींनी ब्युरेट भरल्या होत्या, एकीनं निर्देशकाचे दोन थेंब टाकायच्या जागी वीस टाकले होते, आणि मला वाटलं, नसरीनला कुठल्यातरी पुस्तकातलं पान हवं असेल, दुपारी बोलू. तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा मी व्हरांड्यात जाऊन "बोल गं" म्हणाले, तर पलीकडून तिचे वडील, करीमचाचा. "मंगलबेटी, क्लासात हाय का? मग ऱ्हाऊ दे, क्लास झाल्यावर लाव." मी म्हणाले, बोला ना चाचा. "नसरीन गेली, बेटी. सकाळीच गेली. जोहरच्या, दुपारच्या नमाजीनंतर नेनार हाय. ये तू, पन धावतपळत नको येऊ, नीट गाडीत बसून ये." ...पोटची पोर गेल्याचं सांगतानाही त्यांना माझ्या तासाची काळजी होती. आणि मी तीन वेळा तिचं नाव पाहून फोन खिशात ठेवला होता.

हिंगोलीहून वसमतची गाडी लगेच मिळाली. औंढ्याला ती दहा मिनिटं थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायला उतरले आणि मी खिडकीशी बसून राहिले. पोचले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती, चाचांच्या दुकानाचं शटर खाली होतं. आतल्या खोलीत बायकांनी मला वाट करून दिली. तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती. गेल्या दोन वर्षांत मी तिचा चेहरा असा पाहिलाच नव्हता, कॉलेजातल्यासारखा लहान. चाळिशीही पुरी झाली नव्हती तिची. हे लिहायला मला इतके आठवडे लागले, कारण तिच्याविषयी चांगलं लिहिणं अवघड नाही. अवघड आहे ते पुढे येईल.

आमची ओळख एका न मिळालेल्या खोलीमुळे झाली. मी गोरेगावची, वडील एसटीत कंडक्टर. ती वसमतची, वडिलांचं लेथ मशीनचं दुकान. हळद पॉलिश करायच्या ड्रमचे शाफ्ट, मोटारींचे बुश, असलं काम. बारावीनंतर दोघी हिंगोलीला आलो आणि एकमेकींना न ओळखता खोली शोधत हिंडत होतो. एका घरमालकीणबाईंनी माझं आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. मी जिना उतरत होते, ही दोन-दोन पायऱ्यांवर थांबत, धापा टाकत वर येत होती. मी म्हणाले, खोली गेली म्हणतात. ती म्हणाली, "आता आलेच आहे, तर नाव सांगून बघते." दोन मिनिटांत खाली आली. "तुझ्यासाठी कधी गेली म्हणाली?" "काल." "माझ्यासाठी परवाच गेली," असं म्हणून ती इतकं हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. शेवटी पिठाच्या गिरणीमागे एक खोली मिळाली. तीन वर्षं आमच्या वह्या-पुस्तकांवर, अंथरुणांवर पिठाचा पातळ थर असायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला ती गोरेगावला आमच्या घरी जेवायला यायची, आणि ईदेचा शीरखुर्मा खाऊन मी वसमतहून परत यायची तेव्हा चाची डबा भरून द्यायची. चाची आमच्या शेवटच्या वर्षी गेली. तेव्हापासून घरात बाप आणि लेक, दोघंच.

दर एकवीस दिवसांनी नसरीनला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. आठ वर्षांची असताना तिचा घसा दुखला, ताप आला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले. गावातल्या डॉक्टरांनी सांध्यांवर औषध दिलं. तो साध्या घशाच्या जंतूनं आलेला ताप होता आणि त्यानं तिच्या हृदयाची एक झडप खराब करून टाकली होती, हे नांदेडच्या दवाखान्यात कळलं तेव्हा उशीर झाला होता. इंजेक्शन इतकं दुखे की सरकारी दवाखान्यातून परत येताना ती माझ्या गळ्यात हात टाकून पाय ओढत चाले. मी रडकुंडीला यायची, ती नाही. एकदा तिनं सिस्टरांना विचारलं, "मॅडम, याची लस काहून न्हाई हो?" सिस्टर घाईत होत्या. म्हणाल्या, "घसा दुखायची कुठं लस असती का? सरक बाई, लाइन हाय मागं." त्या रात्रीच नाही, दुसऱ्या दिवशीच नाही, पुढची कित्येक वर्षं ती मधूनच तो प्रश्न विचारायची. मला, प्राध्यापकांना, ग्रंथालयातल्या माणसाला. शेवटी तिला कळलं की ती लस तयार करायचे प्रयत्न जगात चालू आहेत आणि अजून कुणाला जमलेलं नाही. "म्हंजे जागा रिकामी हाय," ती म्हणाली.

एम.एस्सी. तिनं जीवरसायनशास्त्रात केलं, मी रसायनशास्त्रात. मग एका मोठ्या शहरात, लसी बनवणाऱ्या कंपनीत तिला तांत्रिक सहायकाची जागा मिळाली. कंत्राटी, दर वर्षी नवं पत्र. पीएच.डी. करायची तिची फार इच्छा होती, पण दवाखान्याच्या फेऱ्यांत ते राहूनच गेलं. दोन वर्षांनी तिला ज्या गटात टाकलं तो नेमका त्या घशाच्या जंतूवरच काम करत होता. तिचा फोन आला. "मंगल, माझ्याच जंतूवर काम करून राहिले मी! त्यानं मला धरलं, आता मी त्याला धरते." ती काय करायची हे मला समजायला वेळ लागला, आणि मी रसायनशास्त्राची असूनही तिनं ते मला सासर-माहेरच्या भाषेत समजावलं. जंतूच्या अंगावरचं एखादं प्रथिन लसीत वापरतात, म्हणजे शरीराला शत्रूची ओळख पटते. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, पण ती एका ठरावीक घडीत बसलेली असते, आणि शरीर ओळखतं ते त्या घडीला. नुसतं प्रथिन टोचलं तर शरीर फारसं लक्ष देत नाही. म्हणून त्याच्या सोबत एक सहायक द्रव्य घालतात, त्याला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. बहुतेक वेळा तो अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, पांढरा, दुधासारखा गढूळ. प्रथिन त्याच्या बारीक कणांना चिकटून बसतं. प्रश्न असा की चिकटल्यावर त्याची घडी तशीच राहते का? आणि हे बघायचं तर बहुतेक यंत्रांना स्वच्छ पाण्यासारखं द्रावण लागतं, गढूळ चालत नाही. मग लोक काय करतात, तर प्रथिन त्या कणांवरून सोडवून घेतात, स्वच्छ द्रावणात आणतात आणि तपासतात. ठीक दिसलं की लस ठीक. "सासरी नांदणाऱ्या पोरीला माहेरी आनून इचारायचं, बरी हायस ना गं? माहेरी आल्यावर ती टवटवीत दिसनारच. बरी हाय म्हननारच. तिला तिथं जाऊन बघितलं पायजे, चुलीपाशी बसलेली असताना." हेच तिचं काम, आणि पुढे हाच तिचा हट्ट. प्रथिन जिथं बसलंय तिथंच, बसलेलं असताना त्याच्याकडे बघायचं.

त्यासाठी एक युक्ती होती, आणि ती काही तिनं एकटीनं शोधलेली नव्हती. काही प्रथिनांवर विशिष्ट प्रकाश टाकला की ती मंद चमकतात, डोळ्यांना न दिसणारी चमक. घडी घट्ट असली तर ती एका ठिकाणी असते, घडी उसवली की सरकते. गढूळ द्रावणातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून समोरच्याच बाजूनं तिरपा टाकायचा आणि समोरूनच परत घ्यायचा. त्यासाठी काचेची छोटी चौकोनी नळी तिरपी धरून ठेवणारी बैठक हवी होती. परदेशातून मागवायला साहेबांनी नकार दिला. नसरीन सुट्टीत वसमतला आली आणि बापाच्या पुढ्यात कागदावर चित्र काढून बसली. चाचांनी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घेतला, लेथवर घातला, कानशीनं घासला, काळा रंग दिला. पहिली बैठक बरोबर पंचेचाळीस अंशांची होती, तिच्यात काचेवरची चकाकीच यंत्रात शिरायची. दुसरी थोडी जास्त तिरपी केली. त्या गडबडीत चाचांनी एक भोक चुकीच्या जागी पाडलं, मग शेजारी दुसरं पाडून स्क्रू बसवला. "ह्ये भोक बुजवून देतो," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या अब्बा, त्याचं कायबी बिघडत न्हाई," ती म्हणाली आणि ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.

तिला जे दिसलं ते असं. नवीन बनवलेल्या लसीत प्रथिनाची घडी ठीक होती. काही महिने ठेवलेल्या बाटल्यांत, त्या कणांवर बसल्या बसल्या, ती हळूहळू उसवत होती. आणि उसवत होता नेमका तो भाग, ज्याच्यावरून शरीरानं जंतू ओळखायचा. सोडवून तपासलं की मात्र प्रथिन पुन्हा घडी घालून सज्ज. तिनं चार वेळा करून बघितलं, मग साहेबांसमोर ठेवलं. साहेब म्हणजे तिच्या गटाचे प्रमुख, परदेशात शिकून आलेले. त्यांनी आलेख पाहिले, बैठक हातात घेऊन पाहिली. म्हणाले, "ही कुठे बनवली?" तिनं खरं सांगितलं. "नसरीन, प्रमाणित पद्धत आहे आपली. तिच्यात सगळं ठीक येतंय. वसमतच्या लेथवर बनवलेल्या तुकड्यावर मी हे काम थांबवू? कुणाला दाखवू मी हे?" अहवालात प्रमाणित पद्धतीचे आकडे गेले. तिनं लेखी कळवलं, तर उत्तर आलं नाही. पुढच्या मीटिंगचं निमंत्रणही आलं नाही. हे सगळं ती मला फोनवर सांगायची तेव्हा मी म्हणायची, जाऊ दे गं, तू तुझं काम कर. मला तेव्हा तोच शहाणपणा वाटायचा.

ती लस पहिल्या चाचण्यांत पडली. कुणाला अपाय झाला नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण नसरीनला त्याची फार काळजी असे. टोचून घेणाऱ्यांना काही झालं नाही. फक्त उपयोग झाला नाही. त्यांच्या शरीरानं जे तयार केलं ते खऱ्या जंतूला ओळखेना. चौकशीत कारणं शोधली गेली, त्यातलं एक होतं 'नमुने हाताळण्यातील त्रुटी', आणि नमुने हाताळणाऱ्यांत कंत्राटी असलेली ती एकटी. त्या वर्षी नवं पत्र आलं नाही. ती वसमतला परत आली तेव्हा झडप बरीच बिघडली होती, ऑपरेशन करायचं की नाही यावर डॉक्टरांची मतं जुळत नव्हती. चाचांच्या दुकानामागच्या खोलीत ती राहू लागली आणि सकाळी दहावी-बारावीच्या मुलींना शिकवू लागली. लसींवरचा तिचा विश्वास तसूभर कमी झाला नाही. गल्लीतली एकजण आपल्या लेकराला गोवरची लस नको म्हणून अडून बसली, तेव्हा हिनंच त्या लेकराला कडेवर घेऊन दवाखाना गाठला, चार ठिकाणी थांबत, धापा टाकत. "लस वाईट नसती गं," ती मला म्हणाली, "न बघता बरं हाय म्हननारी मानसं वाईट असत्यात."

सव्वा वर्षापूर्वी एका परदेशी नियतकालिकात साहेबांचा लेख आला. अ‍ॅडज्युव्हंटला चिकटलेल्या प्रथिनाची रचना चिकटलेल्या जागीच कशी तपासावी, यावर. आमच्याच प्रयोगशाळेत विकसित केलेली बैठक, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली आकृती. शेवटी आभार मानले होते, त्यात चौथ्या ओळीत तांत्रिक साहाय्याबद्दल तिचं नाव, तेही आडनाव चुकवून. तिनं ती आकृती मोबाईलवर मोठी करून वडिलांना दाखवली. मी तिथंच होते. चाचांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "ह्ये भोक तर चुकलेलं हाय. ह्ये काहून पाडलं त्यांनी?" त्या लोकांनी चूकही जशीच्या तशी उतरवली होती. मला वाटलं, नसरीन आता तरी रडेल. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. चाचा तिची पाठ चोळत राहिले... मोबाईल चटईवर पडला होता, आकृती तशीच उघडी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आमच्या कॉलेजात अनुदानातून आलेला एक फ्लोरिमीटर आहे, चमक मोजायचं यंत्र. तपासणी समिती येते तेव्हा आम्ही त्यावरचं प्लास्टिक काढतो, ती गेली की परत घालतो. नसरीनला ते माहीत होतं. "मला आठवड्यातल्या दोन दुपारी दे फक्त," ती म्हणाली. "कंपनीचं प्रथिन नको, त्यांचं कायबी नको. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन घेते, अ‍ॅडज्युव्हंट मीच बनवते. साध्या सामानावर, कुठल्याबी कॉलेजातल्या पोरीला करता येईल असं दाखवते. लेख लिहिते. पन लेखावर कुठल्यातरी संस्थेचा पत्ता पायजे. घरचा पत्ता टाकला तर उघडूनबी बघत न्हाईत. तुझी लॅब खालीच हाय ना? जिने चढवत न्हाईत आता." मी म्हणाले, प्राचार्यांना विचारते. अर्जाचा मसुदाही तिनंच लिहून दिला, सुरेख अक्षरात, एक पान. मी तो पर्समध्ये ठेवला.

तो अर्ज मी दिला नाही.

कारणं सांगते, पण ती कारणंच आहेत. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यावर माझी नेमणूक नुकतीच कायम झाली होती, मान्यतेची फाईल अजून फिरत होती. संस्थेत दोन गट होते, आणि कुणासाठी काही मागितलं की माणूस कुठल्यातरी एका गटात जाऊन बसतो. त्यात तिचं नाव नसरीन, माझं आडनाव हे असं. लोक काय म्हणतील ते मला आधीच ऐकू येत होतं. भीती होती, हे खरं. पण ते अर्धंच खरं. मी रोज त्याच पाच टायट्रेशन शिकवत होते, आणि ही येऊन ते प्लास्टिक काढणार होती. आठवडाभरात माझ्या विद्यार्थिनी तिच्याभोवती जमल्या असत्या, कारण ती शिकवायचीच तशी. गिरणीमागच्या खोलीत आम्ही दोघी सारख्याच होतो. पुढे ती जिथं पोचली तिथून तिला हाकलून दिलं, तेव्हा मला वाईट वाटलं... आणि वाईटाच्या आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दहा दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "नाही म्हणाले गं प्राचार्य. बाहेरच्या माणसाला यंत्राला हात लावू देत नाहीत म्हणे." तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तू इचारलंस, तेच लई झालं." यानंतर ती वर्षभर जगली. मला नियमित फोन करायची, माझ्या मुलीला भौतिकशास्त्रातली गणितं समजावायची. तो विषय पुन्हा निघाला नाही.

ती गेल्यावर आठवड्याभरानं प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुणीतरी त्यांना नसरीनबद्दल सांगितलं होतं. "मॅडम, तुमच्या मैत्रीण लसीच्या कंपनीत होत्या म्हणे? वसमतला राहायच्या? अहो, सांगायचं नाही का! आपला फ्लोरिमीटर पडून आहे. त्यांचा एक जरी लेख आपल्या नावावर आला असता तर मूल्यांकनात केवढा फायदा." ते खरंच हो म्हणाले असते, की आता ती नाही म्हणून बोलत होते, हे मला कधीच कळणार नाही. मी "हो सर" म्हणाले आणि तासाला गेले.

चाळिसाव्या दिवशी मी वसमतला गेले. फातेहा झाली, जेवणं झाली, लोक पांगले. चाचांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिच्या वह्या मी न्याव्यात असं त्यांना वाटत होतं. "आमाला त्यातलं काय कळतंय, बेटी." वह्या एका गोणीत बांधून ठेवल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला त्या उचलवेनात. मी म्हणाले, "चाचा, एक सांगायचंय. कॉलेजनं तिला नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

चाचा खाटेवर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मालूम हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"ती गेलती तुमच्या कॉलेजात. इंजेक्शनला हिंगोलीला आलती, तवा. तिला वाटलं, आपुन सोता पाया पडून सांगावं, येक डाव ऐकत्यात का बघावं. हापिसातला मानूस म्हनला, असला अर्जच न्हाई आला."

तो दिवस मला आठवला. ती स्टाफरूममध्ये आली होती, पाय सुजलेले, चपलेचे पट्टे रुतलेले. सहज आले म्हणाली. पाणी मागून प्यायली. माझी फाईल मंजूर झाल्याचं मी तिला सांगितलं, तर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "लई चांगलं झालं, मंगल." दहा मिनिटं बसली आणि रिक्षानं स्टँडवर गेली. मी तिला फाटकापर्यंतही सोडायला गेले नव्हते, माझा तास होता.

"मी म्हनलं तिला," चाचा पुढे सांगू लागले, "मंगलला इचारलं का न्हाई, काहून असं केलं म्हून? तर म्हनली, न्हाई अब्बा, तुमीबी कधी काढू नका. इचारलं तर ती रडंल. मंग तिची समजूत मलाच काढावी लागंल. माझ्यात तेवढा दम न्हाई ऱ्हायला."

मी रडले नाही. रडायचा हक्क तिनं आधीच काढून घेतला होता, आणि बरोबर केलं होतं. चाचा उठले, खिडकीखालच्या फळीवरचा कपडा त्यांनी बाजूला केला. तिथं सहा छोट्या बाटल्या होत्या, मेण लावून बुचं बसवलेल्या. तळाशी पांढरा साका, वर पिवळसर पाणी. चिठ्ठ्यांवर तिचं ते सुरेख अक्षर: अंडे आणि अ‍ॅडज्युव्हंट, पहिली, अंडे आणि अ‍ॅडज्युव्हंट, दुसरी... आणि तारीख. तिनं माझ्याकडे दोन दुपारी मागितल्या त्याच आठवड्याची. बाजारातली तुरटी आणि सोडा आणून तिनं ते अ‍ॅडज्युव्हंट इथं बनवलं होतं, परवानगी आली की एक दिवसही वाया जाऊ नये म्हणून.

चाचांनी एक बाटली उचलली. लेथवर लोखंड धरणारे त्यांचे जाड हात, त्यांनी ती सावकाश उलटी केली, सावकाश सुलटी. तळाचा साका सुटून वर चढला आणि पाणी दुधासारखं झालं. "फेस न्हाई आला पायजे म्हनायची. खाली घट्ट बसू द्यायचं न्हाई, रोज सकाळी येकदा हलवायचं. दवाखान्यात असली तरी फोन करून इचारायची, अब्बा, बाटल्या हलवल्या का." त्यांनी ती ठेवली, दुसरी घेतली. एकेक करून सहाही हलवल्या. खिडकी उघडी असूनही खोलीत एक उग्र वास होता, मेणाला कुठेतरी चीर गेली असणार. वर्षापूर्वीचं अंड्याचं पांढरं. त्यातलं प्रथिन केव्हाच सडून गेलं होतं, त्यात आता बघण्यासारखी कुठलीही घडी उरलेली नव्हती. हे ओळखायला रसायनशास्त्राची प्राध्यापक असावं लागत नाही.

चाचांनी कपडा परत पांघरला आणि माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हाय, बेटी. बराबर सांग. अजून किती दिवस हलवाव्या लागतील?"

मी वह्यांची गोणी उचलली.

"अजून थोडे दिवस, चाचा," मी म्हणाले.